खडकी, दौंड आणि आर्वी : संचारस्थळांच्या जतनाबाबत पुरातत्त्व संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : विदेश संचाराच्या, म्हणजे परदेशी तार-टेलिफोन संपर्काच्या, इतिहासातील महाराष्ट्रातील स्थळांचे सर्वेक्षण, नोंद व संरक्षण २०२७ च्या शताब्दीपूर्वी करण्याबाबत.

महोदय,

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्या बारा दुर्गांत आमच्या जुन्नर तालुक्यातील शिवनेरीचेही नाव आले, तेव्हा आम्हा तालुकावासीयांना झालेला आनंद शब्दांत सांगण्यासारखा नव्हता. त्यामागे आपल्या संचालनालयाने घेतलेली मेहनत आम्ही जाणतो, आणि म्हणूनच हे पत्र तक्रारीच्या नव्हे तर अपेक्षेच्या भावनेने लिहीत आहे. शिवनेरी ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वी गावी, १९७१ साली भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. त्याच्याही चव्वेचाळीस वर्षे आधी खडकी आणि दौंड येथील बिनतारी केंद्रांनी मुंबई आणि लंडन यांच्यात आकाशमार्गे थेट संपर्क जोडला होता. ही तीन ठिकाणे पुणे जिल्ह्यातच आहेत, एका दिवसात तिन्ही पाहून परत येता येईल इतकी जवळ. आणि तरीही राज्याच्या वारशाचा विचार करताना ही नावे कोणाच्या ओठांवर येत नाहीत.

माझी विनंती एका वाक्यात सांगतो : खडकी–दौंड बिनतारी सेवेची शताब्दी २०२७ साली येत आहे, त्यापूर्वी या तिन्ही स्थळांचे रीतसर सर्वेक्षण व्हावे, जे वाचवण्याजोगे उरले असेल ते संरक्षित व्हावे आणि तेथे काम केलेल्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित व्हाव्यात. ही विनंती का करावीशी वाटली, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

एकोणिसाव्या शतकात परदेशी निरोप म्हणजे समुद्राखालची केबल, असेच समीकरण होते. १८६५ साली कराचीहून इराणच्या आखातात फावपर्यंत गेलेली केबल तुर्की तारांना जोडली गेली आणि हिंदुस्थान युरोपशी तारेने बांधला गेला. पण वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर निरोप नव्याने उतरवून पुढे पाठवला जाई आणि पोचेपर्यंत त्याची पार दुर्दशा होऊन जाई. १८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे जगातील सर्वांत मोठे जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने केबल सोडत निघाले. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून त्या जहाजाला मुद्दाम पांढरा रंग दिलेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये सुएझ, माल्टा, जिब्राल्टर या मार्गाने ही साखळी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील पोर्थकर्नो या किनाऱ्यावर पूर्ण झाली आणि मुंबईच्या कापसाच्या बाजाराला लिव्हरपूलचा भाव काही तासांत कळू लागला. पुढची अर्धी शतकभर ही वाहिनी म्हणजे जॉन पेंडर यांनी उभ्या केलेल्या केबल कंपन्यांची मिरासदारी होती. दर त्यांचे, वेळ त्यांची आणि मार्गही त्यांचाच. सामान्य माणसाने परदेशी तार करावी, असा तो काळच नव्हता.

ही मिरासदारी मोडली ती बिनतारी संदेशांनी, आणि त्या मोडण्यात आपल्या खडकी–दौंडचा प्रत्यक्ष वाटा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दूर पल्ल्याच्या बिनतारी केंद्राचा अर्थ होता प्रचंड मनोरे, शेकडो किलोवॅटची यंत्रे आणि काही हजार मीटर लांबीच्या लहरी. अशा लहरी चहू दिशांना सारख्याच पसरत आणि त्यांतला अगदी नगण्य भाग इच्छित स्थळी पोचे. १९२० नंतर मार्कोनी आणि त्यांचे सहकारी अभियंता चार्ल्स फ्रँकलिन यांनी उलटा विचार केला. त्यांनी लहर आखूड घेतली, शंभर मीटरांहूनही कमी लांबीची. एका उभ्या तारांच्या पडद्यातून ती सोडली आणि मागे तसाच दुसरा पडदा आरशासारखा उभा केला, जेणेकरून सगळी ऊर्जा एकाच दिशेच्या अरुंद झोतात जाईल. कंदिलाऐवजी विजेरी हाती घ्यावी, तसा हा फरक होता. अशा आखूड लहरी पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागापलीकडे पोचतात त्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परतून. तो थर खरोखर आहे हे एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ च्या डिसेंबरात प्रयोगाने दाखवून दिले, आणि त्यानंतर तीनच वर्षांत त्या थराच्या आधाराने मुंबई–लंडन व्यवहार सुरू झाला. वर्गात आयनांबर शिकवताना मी ही गोष्ट दरवर्षी सांगत असे, कारण सिद्धान्त आणि त्याचा रोजच्या व्यवहारातला उपयोग एकमेकांच्या इतके पाठोपाठ आल्याची उदाहरणे भौतिकशास्त्रात फार सापडत नाहीत.

१९२७ साली सुरू झालेल्या या ‘बीम’ सेवेत खडकीला प्रक्षेपण केंद्र होते आणि दौंडला ग्रहण केंद्र. इंग्लंडमध्ये त्यांची जोडीदार केंद्रे ग्रिम्सबी आणि स्केगनेस या गावांजवळ होती. दोन केंद्रे एकमेकांपासून इतकी दूर का ठेवली, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारत, आणि त्याचे उत्तर सोपे आहे : हजारो किलोमीटरांवरून येणारा क्षीण संदेश ऐकायचा असेल तर शेजारी स्वतःचेच शक्तिशाली प्रक्षेपक घोंगावत असून चालत नाही. म्हणून बोलायचे खडकीला आणि ऐकायचे दौंडला. दिवसा आखूड लहर वापरायची, रात्री त्याहून लांब लहरीवर जायचे, कारण सूर्य मावळला की आयनांबराची वागणूक बदलते. प्रत्यक्ष संदेश पाठवणारे आणि उतरवून घेणारे कर्मचारी मात्र मुंबईत बसत आणि जमिनीवरील तारांनी ते दोन्ही केंद्रांशी जोडलेले असत. दौंड जंक्शनवर मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन फिरवायला लागणाऱ्या वेळेत लाखो प्रवाशांनी चहा घेतला असेल, पण लंडनचे बाजारभाव, बातम्या आणि व्यापारी तारा याच गावाच्या आकाशातून उतरत असत, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक होते?

या सेवेचे काम हाताने ‘कडकट्ट’ करून चालत नसे. बीम केंद्रांकडून मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाची अपेक्षा असे आणि तो वेग माणसाच्या मनगटाच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यासाठी व्हीटस्टन पद्धतीची छिद्रित कागदी पट्टी वापरली जाई. विदेश संचार सेवेतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी अशा पट्टीचा वीतभर तुकडा मला वर्गात दाखवण्यासाठी दिला होता. तो हातात घेतला की मधोमध बारीक छिद्रांची एक सलग ओळ दिसते. ती फक्त पट्टी पुढे सरकवणाऱ्या दातेरी चाकासाठी असते. तिच्या वर आणि खाली मोठी छिद्रे असतात. वरचे आणि खालचे छिद्र एकाच रेषेत आले तर तो मोर्स लिपीतला टिंब, आणि खालचे छिद्र एक घर पुढे सरकलेले असले तर ती रेघ. म्हणजे तिरकी जोडी दिसली की डॅश आणि सरळ जोडी दिसली की डॉट. हे एकदा सांगितले की अकरावीची मुले काही मिनिटांत स्वतःचे नाव पट्टीवर आखून दाखवत. पलीकडच्या टोकाला संदेश येई तो शाईच्या नागमोडी रेषेच्या रूपाने, कागदाच्या दुसऱ्या एका अरुंद पट्टीवर उमटत. आणि ती रेषा वाचत वाचत टंकलेखन यंत्रावर थेट इंग्रजी मजकूर उतरवणारे कारागीर कर्मचारी मुंबईच्या कार्यालयात असत. संगणकाच्या शून्य-एकची भाषा समजावण्यासाठी इतके सोपे आणि इतके खरे साधन मला दुसरे मिळाले नाही.

बीमचे दर केबलपेक्षा कमी होते आणि बघता बघता केबल कंपन्यांचा व्यवसाय इतका घसरला, की लंडनमध्ये १९२८ साली साम्राज्यातील सरकारांना या एकाच प्रश्नावर परिषद बोलवावी लागली. १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी व्यवसायांचे विलीनीकरण झाले, आणि त्याचे पडसाद म्हणून १९३२ मध्ये आपल्याकडेही दोन्ही व्यवसाय एकत्र येऊन ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ ही कंपनी अस्तित्वात आली. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, मिरासदारी मोडणाऱ्यालाच मिरासदाराने घरात घेतले. व्यापाराच्या इतिहासात हे नवे नाही. १९३३ साली याच मार्गाने इंग्लंडशी रेडिओ-टेलिफोन सुरू झाला आणि पहिल्यांदाच मुंबईचा माणूस लंडनच्या माणसाशी स्वतःच्या आवाजात बोलू शकला. १ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधीच, ही कंपनी सरकारने ताब्यात घेऊन ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ स्थापन केली आणि १९८६ मध्ये तिचे विदेश संचार निगम झाले. ज्या निगमाने ऑगस्ट १९९५ मध्ये देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्याची वंशावळ अशी सरळ खडकी–दौंडपर्यंत जाऊन भिडते.

आता आर्वीकडे वळतो. लघुलहरींवरचा परदेशी ट्रंक कॉल ज्यांनी केला असेल त्यांना आठवत असेल, की आधी कॉल बुक करावा लागे, मग ताटकळत बसावे लागे आणि लागलाच तर आवाज कधी समुद्राच्या लाटांसारखा वर-खाली होई, कधी मध्येच बुडून जाई. सूर्यावरचे डाग वाढले-घटले तरी त्याचा परिणाम मुंबईच्या टेलिफोनवर होई. हिंदी महासागरावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, स्थिर भासणारा इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा उपग्रह आला आणि ही सगळी अनिश्चितता संपली. अहमदाबादचे प्रायोगिक भूकेंद्र १९६७ पासून काम करत होते, पण नियमित व्यवहारासाठी उभारलेले देशातले पहिले केंद्र म्हणजे आर्वी. पुढे त्याला विक्रम साराभाई यांच्या स्मृत्यर्थ ‘विक्रम’ हे नाव मिळाले. त्याची मूळ थाळी सुमारे तीस मीटर व्यासाची होती. उपग्रहाकडून येणारा संकेत इतका दुबळा असतो, की तो गोळा करायला त्या काळच्या ग्राहकयंत्रांना एवढ्या मोठ्या पृष्ठभागाची गरज पडे. आवाज वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागे, त्यामुळे सुरुवातीला दोघेही एकदम बोलत आणि दोघेही एकदम थांबत. आखातात गेलेल्या मुलांशी बोलणाऱ्या आईवडिलांना ही अडखळ चांगलीच परिचयाची होती. टोमॅटो आणि द्राक्षांच्या मळ्यांच्या शेजारी ती थाळी पाहत आमच्या तालुक्याच्या पिढ्या वाढल्या, आणि पुढे त्याच परिसरात, खोडदला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची महाकाय रेडिओ दुर्बीणही आली. आकाश ऐकण्याची अशी दोन केंद्रे एकाच तालुक्यात असणे, हे भाग्य जगात फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे.

आपल्या संचालनालयाला यावर काही आक्षेप सुचू शकतात, आणि ते गैरवाजवी आहेत असे मी म्हणणार नाही. पहिला असा, की ही ब्रिटिश साम्राज्याची यंत्रणा होती, तिचे कौतुक आपण का करावे. पण खडकी–दौंडची सेवा चालवणारी ‘इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी’ उभी करण्यात मुंबईच्या चिनॉय या व्यापारी घराण्याचा मोठा वाटा होता, ती यंत्रे चालवणारे हात बहुतांशी इथलेच होते आणि स्वातंत्र्यानंतर हीच व्यवस्था देशाची झाली. शिवाय साम्राज्याची म्हणून वगळायचे ठरवले तर मुंबईच्या फोर्ट भागात किती इमारती शिल्लक राहतील, याचाही हिशेब करावा लागेल. दुसरा आक्षेप वयाचा. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन वास्तूसाठी शंभर वर्षांची अट आहे, आणि आर्वी त्या अटीपासून दूर आहे. पण बीम केंद्रे २०२७ मध्ये ती अट पूर्ण करत आहेत. तिसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो : यंत्रे कालबाह्य झाली की ती भंगारात जातात, मनोरे उतरवले जातात आणि मग संरक्षण कशाचे करायचे? याचे उत्तर एवढेच, की पाया, केंद्राची इमारत, नकाशे, कर्मचाऱ्यांच्या नोंदवह्या, छायाचित्रे यांपैकी काय उरले आहे हे पाहिल्याशिवाय उरलेच नाही असे ठरवणे घाईचे होईल. चांदबिबीच्या महालापासून नाणेघाटातील शिलालेखांपर्यंत जे जे आपण जपले आहे, तेही कोणीतरी वेळेवर पाहिले म्हणूनच जपले गेले.

इतर देशांनी या बाबतीत काय केले, हेही नजरेखालून घालावे. स्वीडनमधील ग्रिमेटन हे १९२० च्या दशकातील दीर्घलहरी केंद्र २००४ साली जागतिक वारसा यादीत आले. त्याचे १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे उभे आहेत आणि अलेक्झांडरसन यांचे फिरते जनित्र स्वयंसेवकांनी इतके नीट ठेवले आहे, की वर्षातून काही ठरावीक दिवशी ते सुरू करून मोर्समध्ये संदेश पाठवला जातो आणि जगभरचे हौशी रेडिओवाले तो ऐकायला कान लावून बसतात. विशेष म्हणजे ग्रिमेटन ज्या दीर्घलहरी तंत्राचे स्मारक आहे, त्याच तंत्राला खडकी–दौंडच्या बीमने मागे टाकले. म्हणजे हरलेल्या तंत्राचे स्मारक झाले आणि जिंकलेल्याचे राहून गेले. पोर्थकर्नोला, मुंबईची केबल जिथे पोचत होती त्याच ठिकाणी, आज संग्रहालय आहे. इंग्लंडमधील गुनहिलीची पहिली उपग्रह थाळी २००३ पासून संरक्षित वास्तू आहे. घानाने तर कुंटुन्से येथील वापरातून गेलेली दूरसंचाराची ३२ मीटरची थाळी रेडिओ दुर्बिणीत रूपांतरित करून २०१७ मध्ये पुन्हा कामाला लावली. खोडदपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आर्वीबाबत असा विचार करायला आपल्याकडे तज्ज्ञांची तर अजिबात वानवा नाही.

यात घाई करण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते जमिनीचे आहे. २००२ मध्ये विदेश संचार निगमाची मालकी खासगी समूहाकडे गेली, तेव्हा निगमाकडील अतिरिक्त जमिनी वेगळ्या ठेवण्याचे ठरले आणि पुढे त्या ‘हेमिस्फिअर प्रॉपर्टीज इंडिया’ या केंद्र सरकारच्या कंपनीकडे वर्ग झाल्या. त्यांतला सर्वांत मोठा तुकडा पुण्याजवळच्या दिघीचा, काही शे एकरांचा. पुण्याच्या वाढीचा वेग पाहता या जमिनीचा विकास कधी ना कधी होणार, यात शंका नाही आणि तो होऊ नये असेही मी म्हणत नाही. मात्र एकदा नकाशे मंजूर होऊन कुंपणे पडली, की ‘इथे काय होते’ हा प्रश्न विचारायला कोणी आत जाऊ शकणार नाही. विकासाच्या अटींतच एका संचार संग्रहालयासाठी जागा राखून ठेवावी असे आपल्या संचालनालयाने केंद्राला आत्ताच लेखी कळवले, तर पुढे अनेक वर्षांचा पत्रव्यवहार वाचेल.

याशिवाय काही गोष्टी अशा आहेत, की ज्यांना फारसा खर्च नाही. खडकी आणि दौंड येथे मूळ केंद्रांची जागा निश्चित करून मराठीत माहितीचा फलक लावावा. दौंडचा फलक रेल्वेच्या परवानगीने फलाटावर लागला, तर तो रोज हजारो लोक वाचतील. विदेश संचार सेवेत काम केलेल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे सोपवावे. पट्टी वाचणारे, लघुलहरींवर कॉल जोडणारे आणि आर्वीची थाळी सांभाळणारे हे लोक आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांच्या आठवणींना शताब्दी समितीच्या पहिल्या बैठकीपर्यंत थांबता येईलच असे नाही. यंत्रांपैकी काही मिळाल्यास किमान एक छिद्रण यंत्र आणि एक शाईलेखक चालू स्थितीत आणून शाळकरी मुलांना हाताळू द्यावे. काचेच्या पेटीत ठेवलेले बंद यंत्र काय काम करत होते, हे मुलांना कधीच कळत नाही.

२३ जुलै २०२७ रोजी मुंबईच्या आकाशवाणीच्या पहिल्या प्रसारणालाही शंभर वर्षे पूर्ण होतील. तो सोहळा यथोचित होईलच, कारण आकाशवाणी घराघरांत पोचलेली आहे. त्याच वर्षीच्या बीम सेवेला मात्र श्रोते नव्हते, फक्त व्यापारी, वृत्तसंस्था आणि सरकारी कचेऱ्या हे ग्राहक होते. त्यामुळे तिच्या शताब्दीची आठवण कोणी करून द्यायची असेल तर ती शासनालाच करून द्यावी लागेल. आपण पुरातत्त्व, दूरसंचार, रेल्वे आणि पुणे जिल्हा प्रशासन यांची एक संयुक्त बैठक येत्या काही महिन्यांत बोलवावी, ही नम्र विनंती. तीत माहिती पुरवण्यास मी आणि माझे काही सहकारी शिक्षक स्वखर्चाने हजर राहू, आणि वर उल्लेखिलेली छिद्रित पट्टी प्रस्तावित संग्रहासाठी देण्यास संबंधित गृहस्थांची संमती आधीच मिळालेली आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
जुन्नर तालुक्यातील एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : दूरसंचार विभाग, भारत सरकार, मा. जिल्हाधिकारी, पुणे.